सिफू या कुंग-फू मारामारीच्या गेममध्ये दुसऱ्या बॉसपाशी, शॉनपाशी अडकलोय. त्याच्यापाशी पोचतो तेव्हाच गेममधलं वय पन्नाशी उलटलेलं असतं. माझं स्वतःचं वय ३८, रिफ्लेक्स गेलेत बहुतेक. सोप्या मोडवर जाऊ का?

"रिफ्लेक्स गेलेत बहुतेक" हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. माझं ४४ चालू आहे आणि हेच वाक्य माझ्या भाच्याने मला तोंडावर ऐकवलंय, वर चेहऱ्यावर दया. "मामा, तुझ्या वयात नाही जमत रे हा गेम."

झालं असं की मी पहिल्या बॉसला, फजारला, कसाबसा पाडून दुसऱ्या लेव्हलला, क्लबमध्ये, शॉनपर्यंत पोचलो तेव्हा गेममधलं माझं वय ४९ झालं होतं (इथे मेलं की परत उठता, पण वय वाढतं). आणि शॉनची ती काठी. एका संध्याकाळी अकरा-बारा वेळा तरी मेलो असेन. भाचा सुट्टीला आलेला, वय १७, मागे सोफ्यावर लोळत बघत होता, शेवटी त्याला राहवलं नाही, म्हणाला आण इकडे, कंट्रोलर घेतला, स्वतःची नवी रन, म्हणजे पहिल्यापासून डाव, सुरू केली आणि नुसती बटणं बडवत, मरत उठत मरत उठत दोन तासांत शॉनला पाडला पण. वय ६६. आणि वर मला म्हणतो, "बघ, झालं की."

काय झालं? पुढच्या लेव्हलच्या, म्युझियमच्या, पहिल्याच मारामारीत दोनदा मेला आणि खेळ खलास. कारण ज्या वयात लेव्हल संपवता त्याच वयात पुढची सुरू होते, आणि मरणाचा काउंटर साठत जातो, आधी १ वर्ष, मग २, मग ३. सत्तरी ओलांडली की परत जिवंत करणाऱ्या ताईतातलं शेवटचं नाणं फुटतं आणि त्यानंतरचं मरण ते खरं मरण. म्हणजे सहासष्टाव्या वर्षी शॉनला हरवणं याला मी तरी हरवणं म्हणत नाही. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं, पण म्हणे "मामा, जिंकलो ना मी, तू तर जिंकलापण नाहीस." बरोबर होतं त्याचं, म्हणूनच जास्त झोंबलं.

तो गेला आणि मी एक कागद घेऊन बसलो. हसू नका. शॉन जे मारतो ते ठरलेल्या माळेत मारतो, मनाला येईल तसं नाही. दोन फटके डोक्याकडे आणि मग एक काठी जमिनीलगत, पायावर, अशा थाटात. माझी अडचण रिफ्लेक्सची नव्हतीच, अंगठ्याची होती. गार्डचं (बचावाचं) बटण दाबून ठेवून वरचा फटका चुकवायला स्टिक खाली आणि खालचा चुकवायला स्टिक वर. डोळ्याला दिसतं वर, अंगठा जातो वर, आणि काठी थेट कानशिलात. मी कागदावर आधी 'वर वर खाली' लिहिलं होतं आणि तरी मार खात होतो, मग ते खोडून अंगठा कुठे न्यायचा ते लिहिलं, 'खाली खाली वर', आणि ते मोठ्याने म्हणत खेळायला लागलो. बायको दारात येऊन विचारते, कुणाशी बोलतोयस? पण चौथ्या दिवशी शॉनच्या पूर्ण माळेत एकही फटका लागला नाही, आणि माळ संपल्यावर तो जो क्षणभर उघडा पडतो तिथे दोन-तीन ठोसे हाणून परत मागे. लोभ करायचा नाही. चौथा ठोसा मारायला गेलात की काठी आलीच. त्याची जिवाची पट्टी नाही संपली तरी स्ट्रक्चर (तोलाची पट्टी, फटक्यांनी भरत जाते) तुटतं, मग काम तमाम.

नुसता गार्ड धरून उभं राहू नका एवढं मात्र ऐका. गार्डमध्ये आपलंच स्ट्रक्चर भरत जातं आणि फुटतं. पॅरी (नेमक्या क्षणी फटका परतवणं) जमत असेल तर उत्तम, मला शॉनला चुकवणंच सोपं गेलं.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की शॉनपाशी पोचता तेव्हा पन्नाशी उलटलेली असते. मग अडचण शॉन नाहीये, स्क्वॉट्स आहे. परत जा, ती पहिली लेव्हल विशीतच संपवून या, गेम तुमचं सगळ्यात कमी वय जपून ठेवतो. आणि एकच स्किल कायमचं करायच्या मागे लागा, एकदा शिकल्यावर वर पाच वेळा एक्सपी (मारामारीत मिळणारे गुण) भरावे लागतात, दहा स्किल्स नुसती एकेकदा शिकाल तर रन संपल्यावर सगळी धुऊन जातात. शॉर्टकटने थेट बॉसकडे धावू नका, वाटेतल्या श्राइन (जिथे ताकद वाढवून मिळते) राहतात. सरावापुरतं ठीक.

मी शेवटी शॉनला २७ व्या वर्षी पाडला. फोटो काढून भाच्याला पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला. शब्द नाही, अंगठा!

हां, सोप्या मोडचं राहिलंच. मे २०२२ च्या अपडेटमध्ये स्टुडंट मोड आला, तो लावला तर चीटिंग वगैरे काही नाही, पैसे तुमचे, गेम तुमचा. पण शॉनसाठी लावू नका असं माझं मत. तिथे जे शिकणार ते न शिकताच पुढे गेलात तर पुढची बॉस कुरोकी सोलून काढेल. मनगट दुखत असेल किंवा दिवसाला अर्धा तासच मिळत असेल तर गोष्ट वेगळी, मग बिनधास्त लावा. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या बॉसला, यांगला, मी आधी स्टुडंटवर दोनदा हरवला, त्याच्या माळा पाठ केल्या, आणि मग डिसायपलवर, म्हणजे नेहमीच्या मोडवर, गेलो. भाच्याला हे माहीत नाही. तो एवढं लांबलचक मराठी वाचत नाही, म्हणून लिहून टाकलं.