पत्रा आतून का सडतो?

चि. मुला, अनेक आशीर्वाद.

पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेलं तुझं चार पानांचं टिपण वाचलं. 'ऊर्जासाठवणुकीसाठी नॅनोसंमिश्रं' हे शीर्षक झकास आहे, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस. उलट परवा हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या गर्दीत तू मला सहज विचारलंस, "बाई, शेडचा पत्रा वरून बरा दिसतो, मग आतल्या बाजूनं आधी का सडतो?" पीएचडीचा अर्ज लिहायचा तर तिथून सुरुवात कर.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. वरची बाजू पाऊस धुऊन काढतो. खालच्या बाजूला खाऱ्या वाऱ्यातलं मीठ चिकटलं की चिकटलं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्रा लवकर सुकत नाही. पुढचा भाग अवघड आहे, आणि मजा तिथेच आहे. पत्रा गंजू नये म्हणून दिलेला लेप किती टिकाऊ आहे ते पाहायला प्रयोगशाळेत मिठाच्या फवाऱ्याची पेटी असते. 5 टक्के मिठाचं पाणी, 35 अंश सेल्सियस तापमान, रात्रंदिवस फवारा. त्या पेटीत ऊन नाही, वाळणं नाही, धुऊन नेणारा पाऊस नाही. म्हणून पेटीत पहिला आलेला लेप आपल्या बंदरावर सपशेल आपटू शकतो. असं का होतं, या प्रश्नावर माणसानं पाच वर्षं घालवली तर ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

मात्र 'किनाऱ्यावरचं गंजणं' हा प्रश्न नव्हे, ती नुसती दिशा झाली. प्रश्न इतका लहान हवा की एका हंगामात त्याला हात घालता येईल. घराच्या स्लॅबचंच बघ. सळी काँक्रीटमध्ये असते तेव्हा तिथल्या अल्कलीमुळे तिच्यावर ऑक्साइडचा पातळ संरक्षक पापुद्रा बसतो. खाडीची वाळू न धुता वापरली की मिठातलं क्लोराइड आत शिरतं आणि तो पापुद्रा जागोजागी फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन स्लॅबचे पोपडे पडतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानं सळई घातलेल्या नेहमीच्या काँक्रीटसाठी घनमीटरला 0.6 किलो क्लोराइडची मर्यादा घालून दिली आहे. आता विचार: क्लोराइड तेवढंच ठेवलं आणि फक्त भिजण्या-वाळण्याचा वेळ बदलला, तर पापुद्रा फुटायला लागणारा काळ बदलतो का? याला म्हणायचं प्रश्न. तुझ्या टिपणातल्या चार पानांत असं एकही वाक्य मला सापडलं नाही. (रागावू नकोस. माझ्या पहिल्या टिपणातही नव्हतं.)

भौतिकशास्त्रातल्या एम.एस्सी.ला या विषयात कोण घेणार, ही तुझी भीती फुकाची आहे. गेट या प्रवेशपरीक्षेत धातुशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, शिवाय अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात मटेरियल सायन्स हा भाग निवडता येतो. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये. रक्कम बरी आहे, पण दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं धरू नकोस. मला एकदा सलग पाच महिने दमडी मिळाली नव्हती आणि खानावळवाल्यानं वहीत नाव लिहून जेवू घातलं होतं. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाकूनच खेडला गाडी पकड.

संस्थेच्या नावाला भुलू नकोस हे सगळेच सांगतात आणि सगळेच भुलतात. आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएससी उत्तमच. पण गंजण्यावरच काम करायचं असेल तर तमिळनाडूत कारैकुडीला विद्युत-रसायनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तीही यादीत धर. संस्थेपेक्षा मार्गदर्शक नीट पारख. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड आणि आभाराचं पान वाच. कोणी मनापासून लिहिलंय आणि कोणी उरकलंय ते कळतं. मग चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठ आणि एवढंच विचार: आधीच्या तिघांना किती वर्षं लागली, आणि सर शेवटचे प्रयोगशाळेत कधी आले होते? नियमात किमान तीन आणि कमाल सहा वर्षं लिहिलेली आहेत. तू पाच धरून चाल.

आता माझी एक गोष्ट, जी मी वर्गात कधी सांगितली नाही. दुसऱ्या वर्षी मी चार महिने पोलादाच्या नमुन्यांचे विद्युत-रासायनिक आलेख काढले. सुंदर आलेख होते, प्रत्येक आठवड्याला संरक्षण वाढताना दिसत होतं, आणि मला तेच दिसायला हवं होतं. एके दिवशी दुसऱ्या मुलीचा कॅलोमेल इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पोलादाचा व्होल्टेज मोजतात तो) उसना घेतला आणि आकडा 40 मिलिव्होल्टनं खाली आला. पोलादात काहीही बदललं नव्हतं. माझा इलेक्ट्रोड आतून कोरडा पडत चालला होता आणि मी त्याचं सरकणं शोध म्हणून वहीत टिपत होते. चार महिने गेले. मार्गदर्शक ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "रोज सकाळी दोन इलेक्ट्रोड एकमेकांना दाखवून बघत जा." तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तो नेम चुकला नाही. हवा तसा निकाल आला की मला आजही आधी उपकरणाचा संशय येतो.

बाबांचं म्हणशील तर त्यांना 'पदार्थविज्ञान' वगैरे सांगत बसू नकोस. बोटीच्या पंख्याजवळ ते जस्ताचा तुकडा बसवतात आणि तो झिजला की बदलतात. जस्त आधी झिजतं म्हणून बाकीचा धातू वाचतो, हे त्यांना तुझ्याआधी ठाऊक आहे. त्याचंच पुढचं शिकायला जातोय म्हण. नोकरी कधी, हे ते विचारतीलच. त्याला माझ्याकडेही उत्तर नाही.

टिपण पुन्हा लिही, या खेपेला एकच पान. रविवारी दुपारी ये आणि तुमच्या शेडच्या पत्र्याचा वीतभर तुकडा कापून आण. पुसू नकोस, धुऊ तर मुळीच नकोस. वरची बाजू कोणती ते कापण्याआधीच खडूनं लिहून ठेव.

तुझ्या,
बाई