सगळ्या पेशींत जनुके सारखीच असताना काही पेशी चरबीच्याच का होतात?

शरीरातील प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असताना एखादी पेशी चरबीचीच का होते आणि वजन उतरवल्यावर ती नाहीशी का होत नाही, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात जैवतंत्रज्ञान शिकवतो. हा प्रश्न वर्गातही दरवर्षी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्व भागातल्या आमच्या घरी वडिलांचा चादरींचा माग होता. उभे धागे तेच असत. मोर उमटणार की वेल, हे जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवरची छिद्रे ठरवत, कारण कोणता धागा उचलायचा हे त्यांच्यावर अवलंबून असे. पेशीत हे काम डीएनएवर नेमक्या जागी बसणारी नियामक प्रथिने करतात. फरक इतकाच, आणि तो मोलाचा आहे, की मागावर पुठ्ठे बाहेरून येतात, तर पेशीत ही प्रथिने स्वतः जनुकांपासूनच तयार होतात.

मेदपेशी ज्यांपासून बनतात त्या पूर्वमेदपेशींत गाटा-2 आणि गाटा-3 ही प्रथिने पीपीएआर-गॅमा या नियामक प्रथिनाच्या मुख्य जनुकाला दाबून ठेवतात. इन्शुलिन आणि कॉर्टिसोनसारख्या संप्रेरकांचा इशारा मिळाला की काही तासांतच सीईबीपी-बीटा आणि सीईबीपी-डेल्टा ही प्रथिने वाढतात आणि पीपीएआर-गॅमा व सीईबीपी-अल्फा यांची जनुके चालू करतात. पहिली दोन पुढे ओसरतात. पण नंतरची दोन एकमेकांची जनुके चालू ठेवतात, त्यामुळे मूळ इशारा थांबला तरी निर्णय टिकून राहतो. आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर माझ्या मते या परस्परांच्या आधारातच आहे. दोघांचे वजन मात्र सारखे नाही: पीपीएआर-गॅमा नसेल तर सीईबीपी-अल्फा कितीही असून मेदपेशी बनत नाही; उलट सीईबीपी-अल्फा नसताना चरबी साठते, पण त्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत.

हॉवर्ड ग्रीन यांनी 1974 मध्ये उंदराच्या ज्या पेशींचे वर्णन केले, त्याच पेशींवर मी विद्यार्थिदशेत प्रयोग केला होता. सुरुवातीला त्या चातीसारख्या लांबट होत्या. औषधांचे मिश्रण दिल्यावर काही दिवसांत त्या गोलसर झाल्या, आत चकाकणारे बारीक थेंब दिसू लागले, आणि ऑइल रेड ओ या रंगाने ते थेंब लालभडक झाले. तो क्षण मला आजही लख्ख आठवतो.

मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन हे औषध याच पीपीएआर-गॅमाला चालना देते. त्याने वजन वाढते आणि साखरही उतरते. यात विसंगती नाही, कारण यकृतात आणि स्नायूंत साचू पाहणाऱ्या चरबीला त्वचेखालच्या मेदपेशींत जागा मिळते. (हे औषध अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.)

आता दुसरा भाग. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-14चे पेशींच्या डीएनएतील प्रमाण मोजून स्वीडनमधील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले की, प्रौढ माणसात दरवर्षी सुमारे 10 टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. त्यामुळे पोटाची शस्त्रक्रिया करून वजन बरेच घटलेल्यांतही मेदपेशींची संख्या कमी झाली नव्हती. त्या फक्त आकाराने लहान झाल्या होत्या.