परवाना एकाचा, परीक्षा दुसऱ्याची

गेल्या अंकात मी माझ्या शिकागोच्या नोकरीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि टपालात नर्सिंगच्या परवान्याचेच प्रश्न आले. म्हणून या महिन्याचं सदर त्यासाठीच. मी तिथे २७ वर्षं वॉर्डात काम केलं, आता साताऱ्यात असते. जे स्वतः केलं, पाहिलं, त्याच्या आधारानं उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. जी.एन.एम. झालंय, वय २९, सर्जिकल वॉर्डात सहा वर्षं. एक एजंट म्हणतात, ‘एनसीएसबीएनमध्ये आमची ओळख आहे, साडेचार लाखांत अमेरिकेचं लायसन्स काढून देतो.’ ओरिजिनल मार्कलिस्टा मागतात. ही एनसीएसबीएन म्हणजे नर्सेसची युनियन आहे का? लायसन्स तीच देते का? – एक वाचक, मिरज

अगं, आधी मार्कलिस्टा कपाटात ठेव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. मग पुढचं वाच.

एनसीएसबीएन कुणालाही लायसन्स देत नाही. त्यामुळे तिथे कुणाची ओळख असून तुला काडीचा उपयोग नाही. पूर्ण नाव नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग. अमेरिकेत नर्सला परवाना देण्याचा अधिकार राज्याचा. १९०३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यानं नर्सच्या नोंदणीचा पहिला कायदा केला, मग एकेक करत सगळ्या राज्यांनी. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, नियम वेगळे. या बोर्डांनी १९७८ साली एकत्र येऊन ही संस्था काढली. म्हणजे तिचे सभासद तू-मी नाही, बोर्डं आहेत. युनियन आपला पगार, रजा, ड्युटीचे तास बघते. ही संस्था खाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूनं बघते, आणि म्हणूनच मला तिच्याबद्दल आदर आहे.

तिची कचेरी शिकागोतच, वॅकर ड्राइव्हवर, नदीच्या काठाला. कितीदा तिच्यासमोरून गेले, पण आत पाऊल टाकायची वेळ कधी आली नाही. माझा सगळा कागदोपत्री व्यवहार इलिनॉय राज्याच्या खात्याशी. हेच खातं नर्सला परवाना देतं, न्हाव्याला देतं, आर्किटेक्टला आणि घरांची छपरं घालणाऱ्या ठेकेदारालाही देतं.

मग ही संस्था करते काय? मुख्य काम परवान्याआधी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचं. एन्क्लेक्स म्हणतात ती हीच. परीक्षा एक, म्हणून अलास्कातल्या आणि फ्लोरिडातल्या नर्सला एकच माप लागतं. मी ती १९९३ च्या जुलैत दिली तेव्हा कागदावर होती. वर्षातून दोनदाच, फेब्रुवारीत आणि जुलैत, सलग दोन दिवस. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं, प्रत्येकावर टोक केलेल्या पेन्सिली, आणि निकाल टपालानं, पुष्कळ आठवड्यांनी. पुढच्याच एप्रिलपासून सगळं संगणकावर गेलं. आता तुला त्यासाठी अमेरिकेलाही जावं लागत नाही, मुंबईत केंद्र आहे. फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेर परीक्षा दिलीस तर वर १५०. साडेचार लाखांशी याचा हिशेब तूच लावून बघ.

आधी राज्य ठरव, कारण अर्ज त्या राज्याच्या बोर्डाकडे करायचा असतो. जी.एन.एम. ही पदविका आहे, पदवी नाही, म्हणून बिचकू नकोस, ती मानणारी राज्यं बरीच आहेत. तुझं शिक्षण तिथल्या बरोबरीचं आहे का हे बोर्डानं मानलेली संस्था तपासते. त्यासाठी तुझ्या नर्सिंग स्कूलनं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलनं कागद थेट त्यांच्याकडे पाठवायचे असतात. तुझ्या हातून नाही, एजंटच्या हातून तर नाहीच. बोर्डानं होकार दिला की परीक्षेची तारीख घेता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव. आपल्या मार्कलिस्टेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. कौन्सिलच्या नोंदीत मात्र अजून माहेरचंच. आपल्याला यात काही खटकत नाही, पण तिकडे या तीन वेगळ्या बाया होतात. माझ्या पहिल्या अर्जात माझं माहेरचं आडनाव ‘पहिलं नाव’ म्हणून चढलं आणि वडिलांचं नाव आडनाव म्हणून. ते सरळ करण्यात चार महिने गेले. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, त्यांची भाषांतरं, पुन्हा टपाल. परीक्षा केंद्रावर पासपोर्टवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. तेव्हा पहिलं काम काय असेल तर मुंबईला कौन्सिलमध्ये नावबदलाचा अर्ज टाकणं. बाकी सगळं त्यानंतर.

‘कोर्सचं सर्टिफिकेटही मिळवून देतो’ असं तो एजंट म्हणाला, तर तिथून उठून ये. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांचा कारभार उघडकीला आणला. पैसे घेऊन ७,६०० हून जास्त खोट्या पदविका वाटल्या होत्या. २५ जणांवर आरोप ठेवले. त्या कागदांवर परीक्षेला बसून साधारण २,४०० जणी आणि जण पासही झाले होते. मी ती बातमी वाचली तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. वॉर्डात एकही तास न घालवता औषधाचा डोस मोजणारा माणूस रात्री कुणाच्या तरी आईच्या उशाशी उभा होता! नंतर राज्याराज्यांच्या बोर्डांनी आपापल्या याद्या चाळल्या आणि असे परवाने काढून घेतले.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. परीक्षा पास होणं आणि व्हिसा मिळणं यांचा थेट संबंध नाही. भारतात जन्मलेल्या नर्सना ग्रीन कार्डाच्या रांगेत सध्या दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतंय. हे एजंट सांगणार नाही. तू २९ ची आहेस, हे धरून ठरव. तुझे सर्जिकल वॉर्डातले अनुभवाचे दाखले मात्र आत्ताच घेऊन ठेव. मेट्रन बदलल्या की ते मिळवताना फार फिरावं लागतं.

प्रश्न : मुलीनं मुंबईला एन्क्लेक्स दिली. ८५ प्रश्न झाले आणि स्क्रीन बंद पडली. बरोबरच्या मुलीला १५० आले. ती रडत घरी आली, जेवत नाही. नापास झाली असेल का? – एक वडील, नाशिक

स्क्रीन बंद पडली नाही, संगणकाचं काम झालं म्हणून तो थांबला. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. असं करत करत तो मुलीची पातळी ठरवत असतो. ती पास होण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा संपते. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. ८५ वर थांबली म्हणजे संगणकाला लवकर खात्री झाली, एवढंच. ती वरच्या बाजूनंही असू शकते. मैत्रीण शेवटपर्यंत रेषेच्या जवळपास होती, म्हणून तिला १५० आले.

तिला जेवायला घाला. निकाल उलटा आला तरी ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, आणि कुठल्या विषयात कमी पडली याचा अहवालही हातात येतो.

प्रश्न : अमेरिकेत केस कापायलाही परवाना लागतो म्हणे. आपल्याकडे परवाना राज संपवायला किती वर्षं गेली! आणि परवाने देणाऱ्यांचीच पुन्हा संघटना, म्हणजे एकमेकांची पाठराखण नव्हे का? – एक निवृत्त अभियंता, पुणे

तुमची शंका रास्त आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयालाही ती पडली होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंत बोर्डावर आठ सभासद, त्यांतले सहा धंदा करणारे दंतवैद्य. मॉलमध्ये कमी पैशात दात पांढरे करून देणारी दुकानं निघाली, तेव्हा या बोर्डानं त्यांना ‘बंद करा’ म्हणून कमीत कमी ४७ पत्रं पाठवली. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१५ च्या फेब्रुवारीत निकाल लागला : ज्या बोर्डाची सूत्रं त्याच धंद्यातल्या लोकांच्या हातात आहेत, त्याच्यावर राज्याची खरी देखरेख नसेल तर मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यातून त्याला सूट मिळणार नाही. मला तो निकाल पटतो. दाताच्या डॉक्टरांनी आपलं गिऱ्हाईक राखायला परवान्याचा कायदा वापरला तर तो रुग्णाचा कायदा राहत नाही.

पण म्हणून परवानाच नको, असं मी म्हणणार नाही. का, ते सांगते.

१९९६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वॉर्डात एक नर्स होती, कामाला चटपटीत, स्वतःहून नाइट ड्युटी मागून घेणारी. पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. मॉर्फिन दिल्याची नोंद चार्टवर असायची आणि पहाटे मी चार्ज घ्यायला जावं तर हे पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटून पडलेले. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी औषधाच्या कपाटातली काचेची नळी मी दिव्यासमोर धरली. रबरी टोपणावर सुईचं एक बारीक भोक होतं. आतलं मॉर्फिन काढून सलाइन भरलेलं. मला आधी भीती वाटली ती आपल्यावरच येईल याची. कपाटाच्या किल्ल्या त्या सकाळी माझ्याकडे होत्या, आणि मी परदेशी.

राज्याच्या खात्याकडून चौकशीला एक बाई आल्या. आवाज चढवला नाही की कुणाकडे बोट केलं नाही. कोणत्या वेळी किल्ली कुणाकडून कुणाकडे गेली, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. ती नळी पाकिटात घातली, पाकीट बंद करून जोडावर माझी आणि त्यांची सही घेतली. मग कळलं की त्या नर्सचा परवाना दुसऱ्या एका राज्यानं याच कारणासाठी आधीच स्थगित केला होता. त्या काळी चौकशीची पत्रं टपालानं जायची, आणि एका राज्यातली खबर दुसऱ्या राज्यातल्या वॉर्डापर्यंत पोहोचायला उशीर व्हायचा. त्या उशिरात आमचे आजोबा तीन रात्री तळमळले. ती बाई दुष्ट नव्हती, व्यसनात सापडलेली होती. पण तिला औषधाच्या कपाटापासून दूर ठेवणारं कुणीतरी हवं होतं.

आज एनसीएसबीएनची ‘नर्सिस’ नावाची नोंदवही आहे. बोर्डं आपली माहिती तिच्यात भरतात, आणि नर्सवर कारवाई झालीय का हे दवाखानाच काय, रुग्णाचा नातेवाईकही फुकट बघू शकतो. बोर्डांची संघटना नसती तर ही वही कुणी बांधली असती?

दुसरी संस्था तुम्हाला माहीत नसेल. कौन्सिल ऑन लायसन्शर, एनफोर्समेंट अँड रेग्युलेशन, म्हणजे ‘क्लिअर’. १९८० ची, केंटकी राज्यातली. ही एका पेशाची नाही. न्हाव्यांच्या बोर्डापासून डॉक्टरांच्या बोर्डापर्यंत सगळे तिथे येतात, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातलेही. बोर्डावर बसलेल्या माणसाला स्वतःचा पेशा येतो, पण तक्रार कशी तपासावी, जबाब कसा घ्यावा, पुरावा कसा राखावा, हे कुठे शिकवलेलं असतं? क्लिअर ते शिकवते. चौकशी अधिकाऱ्यांसाठी, तपासनीसांसाठी, बोर्डाच्या नव्या सभासदांसाठी तिचे वर्ग चालतात. आमच्या वॉर्डात आलेल्या बाई कुठे शिकल्या होत्या, हे मी विचारलं नाही. पण पाकिटाच्या जोडावर सही घ्यायला त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, आणि म्हणून माझ्यावर बालंट आलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राचा कायदा १९६६ चा, गोव्याची कौन्सिल वेगळी. सावंतवाडीची मुलगी पलीकडे नोकरीला गेली की पुन्हा नोंदणी, पुन्हा दाखले. आपल्या राज्यांच्या कौन्सिलांनीही वर्षातून चार दिवस एका टेबलाशी बसून तक्रारी कशा हाताळतो हे एकमेकांना सांगावं, असं मला फार वाटतं.

प्रश्न : मी डॅलसला नर्स आहे, टेक्सासचं मल्टिस्टेट लायसन्स आहे. नवऱ्याची बदली सॅन होजेला झाली. हेच लायसन्स चालेल ना? – एक वाचक, डॅलस

नाही चालणार. राज्याराज्यांनी आपसांत करार करून एकमेकांचे परवाने मानायचं ठरवलंय, त्याची आत्ताची घडी २०१८ च्या जानेवारीपासूनची. टेक्सास त्यात आहे, सॅन होजे ज्यात येतं ते कॅलिफोर्निया नाही. मी होते तोवर आमचं इलिनॉयही नव्हतं. शिवाय मल्टिस्टेट परवाना तू जिथे कायमची राहतेस त्या राज्याशी बांधलेला असतो. घर बदललंस की टेक्सासचा तो हक्कही जातो.

परीक्षा पुन्हा द्यायची नाही. कॅलिफोर्नियाच्या बोर्डाकडे एंडोर्समेंटचा, म्हणजे टेक्सासच्या परवान्याच्या आधारावर तिथला परवाना मागण्याचा, अर्ज कर. बोटांचे ठसे द्यावे लागतील. टेक्सासची पडताळणी नर्सिसमधून होते, त्यासाठी पत्रव्यवहार नको. तुझं शिक्षण भारतातलं असेल तर शाळेकडून कागद पुन्हा मागतील, आणि वेळ जातो तो त्यातच. कॅलिफोर्निया तात्पुरता परवानाही देतं, तो त्याच अर्जाबरोबर माग. हे सगळं डॅलसची नोकरी सोडण्याआधी सुरू कर. सामानाचा ट्रक ठरवायच्याही आधी.