ग्रॅनाडाहून कोर्दोबाला जाताना ऑलिव्हच्या गावांतून गाडीने एक दिवस: जमेल का, कुठे थांबावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्पेनमधल्या ग्रॅनाडाहून कोर्दोबाला जायचंय, बरोबर आई-वडील आहेत, हातात एक पूर्ण दिवस आहे. हायवे सोडून डोंगरातल्या पांढऱ्या गावांतून आणि ऑलिव्हच्या बागांतून गेलो तर झेपेल का?

झेपेल. आम्ही दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातच हा रस्ता केला. मी, बायको आणि सत्तरी ओलांडलेली आई. फक्त एक करा, इंटरनेटवर 'एका दिवसात सात गावं' छापाच्या याद्या आहेत त्या बाजूला ठेवा. पांढरी गावं तिसऱ्यानंतर एकसारखीच दिसायला लागतात. तुम्ही ऐन ऑलिव्हच्या तोडणीत जाताय, तेव्हा बघायचं ते बागांत आणि घाण्यावर चाललेलं काम. गावांना निम्मा दिवस पुरे.

सरळ एन-432 ने गेलात तर दोन-सव्वादोन तासांत कोर्दोबा येतं. आमचा रस्ता होता ग्रॅनाडा, मोन्तेफ्रिओ, प्रिएगो दे कोर्दोबा, सुएरोस आणि मग कोर्दोबा. नुसतं ड्रायव्हिंग चारेक तासांचं, थांबे धरून संध्याकाळ होते. (सुएरोस नकाशावर शोधताना लक्षात ठेवा, स्पेलिंग 'झेड'ने सुरू होतं आणि मधला 'एच' मुका आहे. मी 'एस' टाकून बराच वेळ शोधत बसलो होतो.) डिसेंबरात तिथे उजाडायलाच सव्वाआठ होतात आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे साडेआठला निघा. आणखी एक, 6 आणि 8 डिसेंबर या दोन्ही दिवशी स्पेनमध्ये सरकारी सुट्टी असते. त्या तारखा टाळा. घाणा बंद मिळाला तर सगळा बेत वाया.

पिनोस पुएन्ते हे गाव मागे पडलं की चढ सुरू होतो आणि मग दोन्ही बाजूंना ऑलिव्हच. डोंगर कुठलाही असो, त्यावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी झाडं. जुन्या बागांत दोन झाडांत दहा-बारा मीटर अंतर सोडलेलं असतं, कारण पावसाच्या पाण्यावरच भागवायचं तर प्रत्येक झाडाला तेवढी जमीन लागते. जवळ जाऊन बघितलं तर एका आळ्यातून दोन-तीन खोडं फुटलेली दिसतात, पिळवटलेली, जुन्या वडाच्या पारंब्यांसारखी. शेजारच्या एकट्या जाएन प्रांतात अशी 6 कोटींहून जास्त झाडं आहेत. खरं सांगायचं तर दोन तासांनी या दृश्याचा कंटाळाही येतो. दुसरं पीक नाही, झाडांखालची जमीन बऱ्याच ठिकाणी उघडी बोडकी, आणि उतारावर पावसाने पडलेल्या घळी. सुंदर आहे, पण एकसुरी आहे.

मोन्तेफ्रिओ गावात शिरण्याआधी बाहेरच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा आहेत, तिथेच थांबा. समोर सरळसोट कडा, कड्याच्या टोकावर चर्च, खाली पांढरी घरं. ते चर्च मुळात नासरीद सुलतानांच्या, म्हणजे ग्रॅनाडाच्या मुस्लिम राजांच्या, किल्ल्याच्या जागेवर उभं आहे. 1486 साली गाव कॅस्टिलच्या ख्रिश्चन राजा-राणीकडे गेलं, आणि सहा वर्षांनी ग्रॅनाडाही. त्याआधी दोन-अडीचशे वर्षं हा सगळा पट्टा या दोन राज्यांच्या सरहद्दीचा होता. इथलं जवळपास प्रत्येक गाव कड्याला चिकटलेलं आणि डोक्यावर किल्ला का, याचं उत्तर तेच. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. खालच्या चौकात एक भलंमोठं गोल चर्च आहे, घुमट थेट रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवरचा. आई-वडिलांना कड्यावर चढवू नका. खालचं गोल चर्च आणि एक कॉफी, तासाभरात पुढे निघा.

मोन्तेफ्रिओ ते प्रिएगो हा या दिवसातला सगळ्यात छान आणि सगळ्यात सांभाळून चालवायचा रस्ता. अरुंद, वळणावळणाचा. तोडणीच्या दिवसांत ऑलिव्हने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वळणावर अचानक समोर येतात आणि त्यांच्या चाकांची माती रस्त्यावर पडलेली असते. पाऊस झाला असेल तर ती साबणासारखी निसरडी होते. वेगमर्यादा 90 असली तरी आम्ही पन्नासच्या वर गेलोच नाही.

या रस्त्यावर एका बागेपाशी आम्ही थांबलो. झाडाखाली मोठ्या जाळ्या अंथरलेल्या, एक माणूस यंत्राचा चिमटा खोडाला लावून झाड गदागदा हलवतोय, आणि बाकीचे लांब काठ्यांनी फांद्या झोडपतायत. आपल्याकडे चिंचा झोडपतात अगदी तसं. आईने खाली पडलेलं एक काळसर फळ उचलून दाखवलं, तोडणीवरच्या एका बाईंनी हसून 'खा' अशी खूण केली. मी खाल्लं. कारल्याचा रस आटवून त्यात कडुनिंब वाटला तर जे होईल ते. पंधरा मिनिटं जीभ कामातून गेली आणि ती सगळी मंडळी पोट धरून हसत होती. बाटलीतलं ऑलिव्ह खारवून, कडवटपणा काढून टाकल्यावरचं असतं, झाडावरचं तोंडात घालायची सोय नसते. आणि न विचारता तोडू नका. ऑलिव्हच्या चोऱ्या होतात, त्यामुळे बागांवर पोलिसांची गस्त असते.

घाणा बघायला प्रिएगोच्या आसपास थांबा. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करून वेळ ठरवा. तोडणीच्या धांदलीत सहकारी घाणे पाहुण्यांना घेतीलच असं नाही, पण खासगी घाण्यांपैकी काही जण पैसे घेऊन सगळं दाखवतात. घाण्याला तिथे 'अल्मासारा' म्हणतात. हा अरबी शब्द, तेलाचा 'असेइते' आणि फळाचा 'असेइतुना' हेही अरबीच. आईला वाटलं होतं दगडी जातं आणि त्याभोवती फिरणारं जनावर दिसेल. प्रत्यक्षात स्टीलची टाकी, पाइप आणि प्रचंड आवाज. अंगणात ट्रॉली ओतली जाते, वाऱ्याच्या झोताने पाला उडवतात, फळ धुतात, वजन करतात, मग बियांसकट ठेचून त्याचा लगदा. तो लगदा सावकाश घोळवत ठेवतात, 27 अंशांच्या वर तापू न देता, आणि शेवटी जोरात फिरवून तेल वेगळं काढतात. एका लिटरला साधारण पाच किलो फळ लागतं. नळीच्या तोंडातून जे पडतं ते हिरवंगार आणि गढूळ असतं, वास ताज्या कापलेल्या गवताचा आणि टोमॅटोच्या पानांचा. भाजलेल्या पावावर ते ओतून देतात. पहिल्या घासाला घशात तिखट लागून ठसका येतो. आईने लगेच विचारलं, खराब आहे का? उलट आहे, ठसका बसतो ते ताजं आणि चांगलं. मग तिने मला ऐकवलं की गावाकडच्या शेंगदाण्याच्या घाण्यावर तेल असं घसा धरत नाही. तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

प्रिएगोत गाडी जुन्या वस्तीत घालू नका. नकाशाच्या बाईने आम्हाला 'पुढे उजवीकडे' सांगितलं आणि गल्ली इतकी निमुळती झाली की दोन्ही आरसे मिटूनही इकडे-तिकडे चार बोटं जागा. एका आजोबांनी खुर्ची बाजूला ठेवली आणि हातवारे करत मला तीस-चाळीस मीटर मागे काढलं. तोवर मागे चार गाड्या, पण एकानेही हॉर्न दिला नाही, त्याचं जास्त दडपण आलं. बाहेर पार्किंग करा, चालत या. कड्याच्या काठचा आदार्वेचा कठडा सपाट आहे, ज्येष्ठांना आरामात जमतो. शिवाय फुएन्ते देल रेय म्हणून 139 तोट्यांचं कारंजं आहे, ते चुकवू नका.

जेवण दोन वाजता. त्याआधी स्वयंपाकघर चालू नसतं आणि दोन ते पाच दुकानं, चर्चं बंद. शाकाहारी असाल तर 'सिन हामोन, सिन पेस्कादो' (हॅम नको, मासे नको) पाठ करा, कारण सॅलडमध्ये टूना टाकून 'हे शाकाहारीच आहे' असं अगदी निरागसपणे सांगतात. साल्मोरेखो (टोमॅटो, पाव, लसूण आणि तेलाचं गार दाट सार) मागवताना वरचं अंडं आणि हॅम नको म्हणून सांगा. मध घातलेली तळलेली वांगी आईने दोनदा मागवली.

सुएरोसला उतरत्या उन्हात पोचा. खडकावर किल्ला, खाली पसरलेल्या बागा, वर घिरट्या घालणारी गिधाडं. गावात चढ-उतार फार आहेत, त्यामुळे आई-वडिलांना किल्ल्याजवळच्या चौकातच बसवा. तिथलं बकरीचं चीज चांगलं असतं. तिथून कोर्दोबा सव्वा तास.

कागदपत्रांचं म्हणाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा आणि भारतातलं मूळ लायसन्सही जवळ ठेवा. गाडी ऑटोमॅटिकच घ्या. उजव्या बाजूने चालवताना डोकं आधीच गुंतलेलं असतं, त्यात उजव्या हाताने गिअर नको. चौकातल्या गोलात आधीपासून फिरणाऱ्या गाडीला प्राधान्य, आणि फिरायचं घड्याळाच्या उलट. पहिल्या दिवशी बायको प्रत्येक गोलावर 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत होती. मी चिडायचो, पण त्यामुळेच वाचलो.

तेल पत्र्याच्या डब्यातलं घ्या, तोडणीचं वर्ष बघून, आणि चेक-इन बॅगेत टाका. आमच्या तीन लिटरच्या डब्याला आईची जुनी नऊवारी गुंडाळली होती. घरी आल्यावर तिने पहिल्याच दिवशी त्यात मोहरी तडतडवली. मी काही बोललो नाही. आता ते फक्त भाकरी-ठेच्यावर पडतं.

सकाळी उठल्यावर धुकं किंवा जोराचा पाऊस दिसला तर मोन्तेफ्रिओ सोडून द्या. एन-432 ने अल्काला ला रेआलपर्यंत या, तिथला टेकडीवरचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो, आणि तिथून प्रिएगोकडे वळा. पावसात तोडणी थांबते, पण आदल्या दिवशीचं फळ पडलेलं असेल तर घाणा चालू असतो. निघण्याआधी तेवढा एक फोन करून घ्या.