सॉफ्ट पेस्टलने रंगवताना रंग मळकट का होतात? आणि फिक्सेटिव्ह (रंगाची भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारल्यावर चित्र का काळवंडतं?

तुम्ही लिहिलंय की झाडाखालची सावली रंगवताना हिरवा, तपकिरी आणि काळा बोटाने एकजीव केला, तर सगळा भाग राखाडी झाला. वरून फिक्सेटिव्ह मारलं, तर आकाशातला उजळ पिवळाही निस्तेज झाला. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्रच सांगतो.

सॉफ्ट पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य, थोडा खडू आणि कांडी जेमतेम टिकेल एवढाच डिंक असतो. तैलरंगात रंगाचे कण तेलात बुडालेले असतात. इथे ते खरखरीत कागदावर सुटे बसतात. त्या ओबडधोबड कणांवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि पेस्टलची मखमली झळाळी त्यातूनच येते. बोटाने घोटलं की कण दाबले जातात, कागदाच्या खळग्यांत गच्च बसतात, त्यात बोटाचा तेलकटपणा मिसळतो. हिरवा आणि तांबूस तपकिरी तर एकत्र घोटले की एकमेकांना मारतातच. खळगे एकदा भरले की पुढचा थर धरायला जागा उरत नाही, कांडी नुसती घसरते.

म्हणून माझं ठाम मत: रंग घोटू नका, शेजारी शेजारी ठेवा. तीच सावली अशी करून बघा. काळी कांडी डब्यातच राहू द्या. थोडी कडक, गडद निळी कांडी आडवी धरून अगदी हलक्या हाताने फिरवा. मधूनमधून कागद दिसला पाहिजे. त्यावर तिरक्या रेघांनी मळकट हिरवा द्या, पण खालचा निळा पुरता झाकू नका. एखाददुसरी जांभळट रेघही चालेल. पानांतून ऊन झिरपतंय तिथे सर्वांत शेवटी, सर्वांत मऊ कांडीने पिवळसर हिरव्याचा एकच ठसा द्या आणि हात उचला. त्या ठशाला पुन्हा हात लावायचा नाही. जरा लांबून पाहिलंत की रंग मिसळायचं काम डोळा स्वतःच करतो.

शार्दां या फ्रेंच चित्रकाराने उतारवयात डोळ्यांच्या त्रासामुळे तैलरंग बाजूला ठेवून पेस्टल हाती घेतलं. त्याचं 1775 चं आत्मचित्र मोठं करून पाहा. चेहऱ्यावर वेगवेगळ्या रंगांच्या रेघा न घोटता तशाच ठेवल्यात, तरी कातडी जिवंत वाटते. फ्रेंच चित्रकार एदगार देगानेही थरावर थर चढवले, पण खालचा रंग वरच्यातून डोकावत ठेवला. घोटणं मुळातच वाईट, असं मात्र नाही. व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कार्रिएरा कातडी मऊ घोटायची, पण लेस दाखवताना पांढऱ्या खडूची कड नुसती वरून ओढायची. घोटलेल्या भागाशेजारी न घोटलेला भाग हवा, तरच दोन्ही उठून दिसतात.

मळलेला भाग वाचवता येतो. कागद उभा धरा, राठ केसांच्या कोरड्या ब्रशने भुकटी झाडा, मग मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने टिपून घ्या. घासू नका. गुळगुळीत ड्रॉइंग पेपर वापरत असाल तर तो आधी बदला; मध्यम छटेचा, खरखरीत रंगीत कागद घ्या. अर्धी सावली त्या कागदाच्या रंगातच मिळून जाते.

आता फिक्सेटिव्ह. सुट्या कणांमधली हवेची जागा तो द्रव भरतो, त्यामुळे उजेड कमी विखुरतो आणि रंग गडद दिसतो. फिकट रंगांत पांढरा खडू जास्त असतो, तो अर्धपारदर्शक होतो, म्हणून सर्वांत मोठा फटका उजळ भागालाच बसतो. तुमचा पिवळा त्यामुळेच गेला. मी फिक्सेटिव्ह फक्त मधल्या थरांवर मारतो, तेही लांबून आणि हलकं. त्याने कागदाला पुन्हा पकड येते आणि सावल्या थोड्या गडद झाल्या तर बऱ्याच. शेवटचे उजळ ठसे त्यानंतर द्यायचे आणि त्यावर काही मारायचं नाही.

पूर्ण झालेलं चित्र काचेखालीच लावा आणि मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून काच रंगापासून दूर ठेवा. साधं ॲक्रिलिक नको, त्यावरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते. काम करताना भुकटी फुंकू नका. काही रंगद्रव्यं, उदाहरणार्थ कॅडमियमची, फुप्फुसात जाणं घातक असतं. बोर्ड जरा पुढे कलता ठेवा म्हणजे भुकटी खाली पडेल, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या.