निकालाचा तक्ता हातात आल्यावर

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला सहावी ते आठवीच्या प्रमाणित चाचणीचा निकाल मिळाला. निकालाचा आढावा घेऊन पुढच्या वर्षाचा सुधारणा आराखडा तयार करण्याचे काम मुख्याध्यापकांनी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तुझ्याकडे सोपवले, हे वाचून आनंद वाटला आणि थोडी काळजीही वाटली, कारण हे काम दिसते हिशेबाचे आणि असते माणसांचे. सातवीच्या गणितातली सात टक्क्यांची घसरण सभेत कशी मांडावी आणि पुढच्या वर्षी किती टक्के वाढीचे उद्दिष्ट ठेवावे, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दुसऱ्याचे उत्तर मी शेवटी देईन. ते तुला कदाचित आवडणार नाही.

आधी घसरणीकडे पाहू. तक्त्यात टक्के असतात, मुले नसतात. म्हणून पहिले काम हे की टक्क्यांची पुन्हा मुले करायची. सातवीचा पट दोन्ही वर्षी साठ धरला, तर गेल्या वर्षी अपेक्षित पातळीवर 31 मुले होती आणि यंदा 27 आहेत, म्हणजे 52 टक्क्यांवरून 45 टक्के. ज्या घसरणीने शिक्षकदालनात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही, ती चार मुलांची आहे. साठ मुलांच्या गटात अशा टक्केवारीची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने आकडा साधारण किती इकडे-तिकडे होऊ शकतो त्याचे माप, साडेसहा टक्क्यांच्या जवळपास असते आणि दोन वेगवेगळ्या वर्षांचे गट एकमेकांशी ताडून पाहिले की ती नऊच्या घरात जाते. शिक्षक तेच, पुस्तक तेच, शिकवण्याची पद्धत तीच असली, तरी सात टक्के इकडे-तिकडे होणे अगदी शक्य आहे. याचा अर्थ सातवीत सगळे आलबेल आहे असा नव्हे. एवढ्या एका आकड्यावरून दोहोंपैकी काहीच म्हणता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. सभेत हे वाक्य तू स्पष्टपणे उच्चारायला हवेस, कारण ते कुणी उच्चारले नाही तर गणिताच्या शिक्षकांवर ठपका आपोआप बसतो.

शिवाय ही तुलना मुळात कोणाची कोणाशी चालली आहे, तेही पाहा. गेल्या वर्षीची सातवी आज आठवीच्या वर्गात बसली आहे. त्या मुलांचा निकाल या मुलांच्या निकालाशी ताडून 'सातवी घसरली' असे म्हणणे म्हणजे थोरल्या भावाची उंची धाकट्याच्या उंचीतून वजा करून घर खुजे झाले असे म्हणण्यासारखे आहे. आजच्या सातवीतली जी मुले गेल्या वर्षी याच शाळेत सहावीत होती, त्यांची नावे समोर घे आणि त्याच मुलांचे दोन्ही वर्षांचे निकाल शेजारी शेजारी मांड. मधल्या काळात शाळा सोडून गेलेली आणि नव्याने आलेली मुले वेगळी काढ. चाचणीला किती मुले बसली, हाही रकाना पाहायला विसरू नकोस. गेल्या वर्षी अभ्यासात मागे पडलेली सात-आठ मुले त्या दिवशी घरी राहिली असतील आणि यंदा वर्गशिक्षिकेने ती सगळी चाचणीला बसवली असतील, तर सरासरी खाली येणारच. अशा वर्गशिक्षिकेला मी तरी शाबासकी देईन.

पालकांपुढे जाण्यापूर्वी गुणांची भाषाही नीट समजून घे. 62 पर्सेंटाइल म्हणजे 62 टक्के गुण नव्हेत. ज्या मुलांशी तुलना केली, त्यांतील सुमारे 62 टक्के मुले आपल्या मागे आहेत, एवढेच ते सांगते. मापनश्रेणीतल्या गुणांचेही तसेच आहे. पिसा आणि टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचण्यांची श्रेणी 500 ही सरासरी आणि 100 हे प्रमाण विचलन (सरासरीभोवती गुण किती पसरलेले आहेत त्याचे माप) धरून बेतलेली आहे, त्यामुळे तिथला 500 हा आकडा 'इतक्यापैकी इतके' या हिशेबातला नसतो. अशाच श्रेणीवरच्या एखाद्या चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा चाचणी घेतली तर गुण कितपत तसेच येतील त्याचे 0 ते 1 मधले माप, 0.9 असेल, आणि ती चांगलीच म्हणायची, तरी एका मुलाच्या गुणांत सुमारे 32 गुणांची मापनत्रुटी उरते. 480 मिळवणारी मुलगी आणि 500 मिळवणारा मुलगा यांच्यात हुशार कोण, या वादात पडू नकोस.

मला तुझ्याशी खरे बोलायचे आहे ते याच्या पुढच्या पायरीविषयी. बहुतेक आढावे सरासरीपाशी सुरू होऊन सरासरीपाशीच संपतात. तू मात्र एकेका प्रश्नापर्यंत उतर, आणि प्रश्न किती जणांचा चुकला एवढे पाहून न थांबता चुकणाऱ्यांनी कोणता पर्याय निवडला तेही पाहा. उदाहरणार्थ, 0.125, 0.5, 0.35 आणि 0.09 यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती, असा प्रश्न घे. 0.125 निवडणारे मूल निष्काळजी नाही. दशांशचिन्हानंतरचे आकडे ते पूर्ण संख्येसारखे वाचते आणि एकशे पंचवीस पाचापेक्षा मोठे, असा त्याचा सरळ हिशेब असतो. पण खरी मौज बरोबर उत्तराची आहे. आकडे जितके कमी तितकी संख्या मोठी, असे मानणारीही काही मुले असतात. शतांशापेक्षा दशांश मोठा, ही अर्धवट पचलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेली असते. ती मुलेही 0.5 वरच खूण करतात आणि तक्त्यात 'येते' या रकान्यात जाऊन बसतात. त्यांना 0.3 आणि 0.47 यांतील मोठी संख्या विचार, ती 0.3 सांगतील. चुकीच्या समजुतीतूनही बरोबर उत्तर निघू शकते, आणि हे कुठलाही टक्का तुला सांगणार नाही.

शाब्दिक उदाहरणांत तर यापेक्षा जास्त पाणी मुरते. 'एका टाकीत 240 लिटर पाणी मावते. टाकी तीन-अष्टमांश भरलेली आहे. ती पूर्ण भरण्यासाठी आणखी किती लिटर पाणी लागेल?' उत्तर 150 आहे, पण समज की वर्गातल्या बऱ्याच मुलांनी 90 हा पर्याय निवडला. 240चे तीन-अष्टमांश 90 होतात, म्हणजे या मुलांना अपूर्णांकाचा गुणाकार येतो. त्यांच्या नजरेतून निसटला तो 'आणखी' हा शब्द. 30 लिहिणाऱ्यांनी आठाने भागले आणि तिथेच थांबली. 80 लिहिणाऱ्यांनी अष्टमांश सोडून देऊन तिनाने भागले. अपूर्णांकाची मूळ कल्पना कच्ची आहे ती याच मुलांची. एकच चुकलेला प्रश्न, पण त्यामागे तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि तक्ता त्या तिघांनाही 'अपूर्णांक : असमाधानकारक' असा एकच शेरा देऊन मोकळा होतो. 90 लिहिणाऱ्या मुलांना गणिताच्या जादा तासाला बसवून काय साधणार? त्यांना लागते ती सावकाश वाचनाची सवय, आणि ते काम भाषेच्या शिक्षकांनाही वाटून घ्यावे लागेल.

हे निदान करण्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. ॲन न्यूमन या ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1977 मध्ये मांडलेली एक साधी पद्धत मी वर्षानुवर्षे वापरत आलो. चुकलेले उदाहरण घेऊन मुलाला शेजारी बसवायचे आणि क्रमाने पाच गोष्टी करायला सांगायच्या: प्रश्न मोठ्याने वाच, काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग, कोणत्या रीतीने सोडवशील ते सांग, आता सोडवून दाखव, आणि उत्तर लिहून दाखव. ज्या पायरीवर मूल अडते, तिथे त्याचे दुखणे असते. एका मुलामागे पाच-सात मिनिटे लागतात. सातवीतली बारा मुले अशी तपासलीस, तरी तुझ्या हाती अख्ख्या तक्त्याहून अधिक काही लागेल. पुष्कळ प्रमाणित चाचण्यांचे प्रश्न गोपनीय ठेवलेले असतात आणि शाळेला घटकनिहाय निकालच मिळतो. तसे असेल तर त्याच घटकावरचे चार-सहा प्रश्न तुम्हीच तयार करून वर्गात द्या. घटकनिहाय टक्क्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नकोस, कारण एखाद्या घटकावर चारच प्रश्न असतील तर एक प्रश्न इकडचा तिकडे होताच मुलाचे 25 टक्के हलतात.

आता उद्दिष्टाकडे येतो, आणि त्यासाठी माझी एक चूक तुला सांगितली पाहिजे. एका शाळेत आराखड्याचे काम माझ्याकडे असताना मी मोठ्या उत्साहाने 'दहा टक्के वाढ' असे फळ्यावर लिहिले होते. शिक्षकांनी आकडा मनावर घेतला. कसा, तर अपेक्षित पातळीच्या रेषेखाली अगदी थोडक्यात राहिलेल्या मुलांची यादी निघाली, त्यांना जुने प्रश्नसंच घोटून घेण्यासाठी रोज जादा तास लागले, आणि जी मुले रेषेच्या फार खाली होती त्यांच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही, कारण ती वर्षभरात रेषा ओलांडणार नव्हती. टक्का वाढला. माझे कौतुकही झाले. पुढच्या वर्षी प्रश्नांची धाटणी बदलली आणि टक्का होता तिथे परत आला. दरम्यान तळाची मुले एक इयत्ता वर चढली होती आणि आणखी मागे पडली होती. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मी जे मोजायला सांगितले, ते त्यांनी वाढवून दिले.

सामाजिक निर्णय ज्या आकड्यावर अवलंबून ठेवावेत तो आकडाच भ्रष्ट होऊ लागतो आणि ज्या कामावर नजर ठेवण्यासाठी तो योजला, ते कामही बिघडवतो, असे डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकातच लिहून ठेवले होते. तरीही त्याच देशाने 2002च्या कायद्याने 2014पर्यंत शंभर टक्के मुले वाचन व गणितात प्रवीण व्हावीत, असे उद्दिष्ट सर्व सरकारी शाळांवर लादले. ते गाठले गेले नाही आणि 2015 मध्ये तो कायदाच बदलावा लागला. एका देशाला जे झेपले नाही, ते आपल्या आराखड्याच्या एका ओळीला झेपेल असे मानू नये.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की टक्क्यांत उद्दिष्ट ठेवू नकोस. वरिष्ठांना आकडा हवाच असतो, याची मला कल्पना आहे. तो द्यावाच लागला तर एका वर्षाच्या साठ मुलांवर न देता तीन वर्षांच्या एकत्रित 180 मुलांवर दे, म्हणजे प्रमाण त्रुटी चार टक्क्यांच्या आत येईल आणि आकड्याला थोडा तरी अर्थ राहील. त्यासोबत तळाच्या चौथ्या हिश्श्यातली मुले कुठे आहेत, ते वेगळ्या रकान्यात दाखव. आराखड्याचा मुख्य मजकूर मात्र शिक्षक काय करणार आणि मुलांना काय येऊ लागणार, याचा असू दे. 'गणितात सुधारणा करणे' हे उद्दिष्ट नव्हे, तो सदिच्छेचा ठराव झाला. 'सातवीतील प्रत्येक मूल दोन दशांश अपूर्णांक संख्यारेषेवर दाखवून त्यांतील मोठा कोणता ते कारणासह सांगेल. यासाठी सहा आठवडे दर तासाची पहिली दहा मिनिटे दिली जातील. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पाच प्रश्नांची तोंडी तपासणी होईल' हे उद्दिष्ट झाले, कारण ते फसले तर कुठे फसले हे कळते. अशी दोनच उद्दिष्टे घे. आराखड्यात चौदा उद्दिष्टे घालणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्यांतले एकही सत्र संपताना कुणाला आठवत नसे.

एक सावधगिरी त्यातही बाळग. सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडून त्यांना उपचारात्मक वर्गात बसवले, की पुढच्या चाचणीत त्यांचे गुण काहीसे वाढतातच, मग त्या वर्गात काहीही शिकवा; कारण आधीच्या खेपेला त्यांच्यातील काहींच्या वाट्याला निव्वळ वाईट दिवस आलेला असतो. त्यामुळे वाढ दिसली की लगेच उपक्रमाच्या नावाने फलक लावू नका. त्याच पातळीवरची, पण त्या वर्गात नसलेली मुले किती वाढली, ते आधी पाहा.

सभेविषयी थोडेसे. शिक्षकांच्या नावांसह तुकडीवार सरासऱ्या पडद्यावर दाखवू नकोस. तो प्रकार पहिल्या पाच मिनिटांत सभा संपवतो, उरलेला वेळ फक्त खुलासे होतात. त्याऐवजी चाचणीतले किंवा तशाच धाटणीचे आठ प्रश्न छापून आण आणि सर्व शिक्षकांना, भाषेच्या आणि चित्रकलेच्याही, ते सोडवायला लाव. मग प्रत्येकाने अंदाज लिहावा की आपली मुले कोणता चुकीचा पर्याय निवडतील. त्यानंतरच मुलांनी प्रत्यक्षात काय निवडले ते दाखव. अंदाज आणि वस्तुस्थिती यांत जिथे मोठी तफावत निघेल, तिथे चर्चा आपोआप सुरू होते, आणि ती मुलांविषयी होते.

टाकीचे उदाहरण किंवा तशाच धाटणीचे एखादे घेऊन या आठवड्यात बारा मुलांशी बोल, आणि कोण कोणत्या पायरीवर अडले त्याची टिपणे मला पाठव. आराखड्याचा मसुदा त्यानंतर लिहायला घे. घाईने लिहिला असशील तर तूर्त बाजूला ठेव. मुख्याध्यापकांकडून आठ दिवसांची मुदत मागून घ्यायला संकोच करू नकोस.

तुझा,
एक जुना शिक्षक