मुंबई ते टोकियो: किती किलोमीटर, किती तास

जानेवारीत पुण्याहून टोकियोला नोकरीसाठी कायमचं जायचंय, टोकियोच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईत घर ठरतंय, तर प्रवास किती तासांचा धरायचा, असं तुम्ही विचारलंय. मुंबईहून थेट विमान मिळालं तरी दारापासून दारापर्यंत अठरा-एकोणीस तास धरा. त्यात हवेत जेमतेम आठ.

मुंबई ते नारिता (टोकियोचा विमानतळ) सरळ अंतर सुमारे 6,800 किमी. जाताना साधारण आठ तास लागतात, येताना मात्र साडेनऊ ते दहा. कारण जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा. हिवाळ्यात तो ताशी 300 किमीच्याही वर जातो. जाताना पाठीवर असतो, येताना तोंडावर. घड्याळातला फरक साडेतीन तासांचा. समजा रात्री 8 ला मुंबईहून निघालात, तर पोचाल तिथल्या सकाळी साडेसातला. शरीराच्या लेखी तेव्हा पहाटेचे 4 वाजलेले असतात. त्या दिवशी ऑफिसात रुजू होण्याचं कबूल करू नका.

थेट तिकीट महाग पडलं तर मार्ग नीट निवडा. दिल्लीवरून गेल्यास एकूण अंतर 7,000 किमी, म्हणजे वळसा जवळपास नाहीच. बँकॉकवरून 7,650. सिंगापूरवरून 9,250, म्हणजे नुसतं उडणंच तीन तासांनी वाढतं. पण जानेवारीत दिल्लीला धुकं असतं आणि सकाळची विमानं रखडतात, म्हणून मध्ये किमान पाच तास ठेवा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, हे मी आग्रहानं सांगेन. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर देशांतर्गत टप्प्यावर बहुतेक वेळा 15 किलोच सामान चालतं, दिल्लीत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पैसे तुमचेच जातात.

सीओई, म्हणजे जपानच्या इमिग्रेशननं दिलेलं निवासाच्या पात्रतेचं प्रमाणपत्र, जारी झाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये प्रवेश व्हायला हवा, तेव्हा तिकिटाची तारीख त्या हिशेबानं ठरवा. सीओईची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. निवासी कार्ड नारिताला इमिग्रेशनवरच मिळतं. नव्या घरी राहायला गेल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराच्या वर न्यायची असतील तर निघण्यापूर्वीच परवानगी काढावी लागते. ताजा कढीपत्ता आणि आंबे नेऊच नका, कच्चे तांदूळ आणि डाळी वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेऊ नका, कस्टम्सच्या आधीच काढून घेतात.

नारिताहून निशी-कासाईला जाताना स्कायलायनर ही विमानतळाची जलद गाडी घेऊ नका. ती निप्पोरी-उएनोला जाते, आणि निशी-कासाई त्याच्या अलीकडेच राहतं. केइसेई या रेल्वे कंपनीच्या मुख्य मार्गावरची गाडी धरून कात्सुतादाईला उतरा, शेजारच्या तोयो-कात्सुतादाईहून तोझाई या मेट्रो लाइनवर सरळ जाणारी गाडी घ्या. ती रॅपिड असेल तर निशी-कासाईला थांबत नाही. उरायासूला उतरून लोकल धरा. बदलण्यासह दीड ते दोन तास. दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीत हे जमत नाही. त्या विमानतळावरच्या ताक्युबिनच्या (सामान घरपोच करणारी सेवा) काउंटरवर द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी घरपोच येतात. एका रात्रीचे कपडे, स्वेटर आणि चार्जर तेवढे जवळ ठेवा.